तटबंदी उद्यावर गेली
आर्थर सेंट क्लेअर आणि ४ नोव्हेंबर १७९१

अमेरिकेच्या जन्मकाळातली वॉशिंग्टन, जेफरसन, फ्रँकलिन ही नावं सगळ्यांना पाठ असतात. आर्थर सेंट क्लेअर हे नाव अमेरिकेतही फारसं कुणी घेत नाही. हा माणूस १७३७ साली स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, थर्सो गावी जन्मला. लंडनला विल्यम हंटरकडे त्याने वैद्यकीचे धडे घेतले, मग ते सोडून इंग्रजी पलटणीत शिरला आणि १७५९ मध्ये क्वीबेकच्या मोहिमेत वुल्फच्या हाताखाली लढला. पुढे पश्चिम पेनसिल्व्हेनियात जमीनजुमला केला. स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाल्यावर तो वॉशिंग्टनच्या बाजूने उतरला आणि ट्रेंटन, प्रिन्स्टन दोन्हीकडे होता. १७७७ मध्ये टिकॉन्डेरोगाचा किल्ला न लढता सोडल्याबद्दल त्याच्यावर लष्करी खटला चालला आणि त्यात तो निर्दोष सुटला. १७८७ मध्ये तो काँग्रेसचा अध्यक्ष होता. ओहायो नदीच्या पलीकडच्या प्रदेशाचा कारभार कसा चालावा हे ठरवणारा वायव्य प्रदेशाचा कायदा त्याच वर्षी १३ जुलैला मंजूर झाला आणि त्या प्रदेशाचा पहिला गव्हर्नरही तोच झाला. सिनसिनाटी शहराचं नाव त्याने ठेवलेलं आहे.

एवढं सगळं करूनही तो ओळखला जातो तो एका सकाळीमुळे. त्या तीन-साडेतीन तासांत अमेरिकन सरकारच्या हाती असलेल्या फौजेचा मोठा हिस्सा संपला. मूळ रहिवाशांशी झालेल्या लढायांत अमेरिकेचा एवढा मोठा पराभव त्याआधी झाला नव्हता आणि नंतरही झाला नाही. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नला कस्टरबरोबर जेवढे मेले, त्याच्या दुपटीहून जास्त माणसं इथे गेली. तो दिवस एकाएकी उजाडला नाही. त्याचा एकेक तास आधी कुणी ना कुणी घडवत आणला होता.

मार्च ते सप्टेंबर १७९१

आदल्या वर्षी, ऑक्टोबर १७९० मध्ये, जनरल हारमारने मायामी लोकांच्या केकिओंगा या मोठ्या वस्तीवर स्वारी केली होती. आज तिथे फोर्ट वेन शहर आहे. त्याने घरं जाळली, मक्याची कोठारं जाळली आणि शेवटी मार खाऊन तो परतला. १७९१ च्या उन्हाळ्यात केंटकीच्या स्वारांनी वाबाश नदीकाठची गावं जाळून बायका-मुलं पकडून नेली. त्यामुळे नोव्हेंबरच्या पहाटे झाडाआड जे लोक उभे होते, त्यांच्या मनात काय होतं याबद्दल शंका राहू नये. त्यांच्याकडून जमिनी काढून घेणारे करार सह्या-शिक्क्यांनिशी झाले होते, पण सह्या करणाऱ्यांना त्या जमिनी देण्याचा हक्कच नव्हता, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते म्हणणं खरं वाटतं.

सरकार तेव्हा फिलाडेल्फियात होतं, आणि तिथे मात्र हिशेब वेगळा होता. जमीन विकून सरकारचं कर्ज फेडायचं, आणि जमीन विकायची तर ती आधी मोकळी करायची. मार्चमध्ये सेंट क्लेअरला मेजर जनरल करून मोहीम सोपवली गेली. त्या वेळी तो ५४ वर्षांचा होता आणि संधिवाताने बेजार होता. निघताना वॉशिंग्टनने त्याला अचानक होणाऱ्या हल्ल्यापासून जपायला बजावलं होतं, असं सांगतात.

मोहीम उन्हाळ्यात निघायची होती, पण सामानच येईना. रसद पुरवायचा ठेका विल्यम ड्यूअरकडे होता. हा गृहस्थ सट्ट्यात गळ्यापर्यंत बुडालेला आणि युद्धमंत्री हेन्री नॉक्सचा जमिनीच्या व्यवहारातला भागीदार. सामानाचा प्रमुख सॅम्युअल हॉजडन पिट्सबर्गला अडून बसला होता. आलेल्या खोगिरांची मापं घोड्यांना बसेनात, तंबू गळत होते, बूट उसवत होते, दारूगोळ्याबद्दल तक्रारी होत्या. पोरं भरती केली होती सहा महिन्यांच्या बोलीवर, महिना ३ डॉलर पगारावर, आणि त्यातूनही कपड्यांचे, औषधाचे पैसे कापून घ्यायचे. त्यांच्यातल्या बहुतेकांनी जंगल पाहिलं नव्हतं. कवायत करून घ्यायला वेळ नव्हता.

त्याच वर्षी मे महिन्यात, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, यॉर्कटाउनला हरलेला कॉर्नवॉलिस दाणागोटा संपल्यामुळे श्रीरंगपट्टणच्या वेशीवरून मागे फिरला होता, तेही स्वतःच्या अवजड तोफा स्वतःच फोडून. वाटेत त्याला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा भेटल्या. मराठ्यांच्या लष्करी बाजारात मिळेल त्या भावाने धान्य घेऊन त्याचं उपाशी सैन्य जगलं. सेंट क्लेअरच्या वाटेवर असं कुणी भेटणार नव्हतं.

३१ ऑक्टोबर: चार दिवस आधी

फौज रोज पाच-सहा मैल सरकत होती, झाडं तोडत, वाट करत. थंडी पडली होती, पीठ संपत आलं होतं. मुदत भरलेले शिपाई घरी सोडा म्हणत होते, आणि न सोडलेले पळत होते. वाटेतल्या फोर्ट जेफरसन या किल्ल्यापाशी तिघांना फाशी देऊनही पळणं थांबलं नव्हतं.

त्या दिवशी केंटकीचे साठेक मिलिशियावाले, म्हणजे तात्पुरते गोळा केलेले नागरी शिपाई, उठून चालते झाले. मागून येणारी पिठाची खेप ते लुटतील, ही धास्ती. सेंट क्लेअरने त्यांच्या मागावर पहिली रेजिमेंट पाठवली. हॅमट्रॅमकच्या हाताखालचे हे तीनशेच्या आसपास शिपाई म्हणजे त्याच्याकडचे सगळ्यात कसलेले लोक. पिठासाठी त्याने आपला उजवा हात मागे धाडला. त्याच सुमारास चिकसॉ जमातीचा प्रमुख पायोमिंगो आपल्या वीसेक माणसांसह टेहळणीसाठी दूर पाठवला गेला होता. जंगल वाचू शकणारे जे थोडे लोक फौजेत होते, तेही आता जवळ नव्हते.

३ नोव्हेंबर, दुपारचे चार

दिवसभरात नऊ मैल चालून फौज एका ओढ्याकाठी पोहोचली. ओढा दहा-बारा यार्ड रुंद, अलीकडे उंचवटा. सेंट क्लेअरला वाटलं ही सेंट मेरीज नदी आणि केकिओंगा आता पंधरा मैलांवर आहे. प्रत्यक्षात ती वाबाशची वरची धार होती आणि केकिओंगा त्याच्या कितीतरी पट लांब. शत्रूच्या मुलखात शिरलेला सेनापती कुठल्या नदीवर उभा आहे हेच त्याला माहीत नव्हतं.

छावणीत सुमारे १,४०० सैनिक होते आणि त्यांच्याबरोबर दोनशेच्या आसपास बायका-मुलं: कुणाच्या बायका, कुणी धुणं करणाऱ्या, कुणी स्वयंपाकीण. आपल्याकडे ज्यांना बुणगे म्हणत, तो सगळा संसार. उंचवट्यावर दोन रांगांत तंबू पडले, मध्ये सत्तरेक यार्डांचं अंतर. पुढच्या रांगेवर जनरल रिचर्ड बटलर, मागच्या रांगेवर लेफ्टनंट कर्नल डार्क. आठ तोफा दोन्ही रांगांत वाटून लावल्या. उंचवट्यावर सगळे मावेनात, म्हणून केंटकीच्या मिलिशियाला ओढा ओलांडून पाव मैल पुढे उतरवलं. फौजेतले सर्वांत बेशिस्त लोक असे सगळ्यात पुढे, पाण्याच्या पलीकडे, एकटे पडले.

ओढ्यापलीकडे काही इंडियन, म्हणजे मूळ रहिवासी, दिसले. मिलिशिया पुढे सरकताच ते दिसेनासे झाले.

संध्याकाळ

तोफखान्याचा प्रमुख मेजर फर्ग्युसनला बोलावून सेंट क्लेअरने छोट्या तटबंदीचा आराखडा ठरवला. ओंडक्यांचा आडोसा करायचा, पाठीवरच्या पिशव्या आणि जादा सामान आत टाकायचं, हॅमट्रॅमक परत आला की हलकं होऊन केकिओंगावर चालून जायचं. काम कधी सुरू करायचं? सकाळी. माणसं दमली होती, अंधार पडत होता.

पुढे त्याने युद्धमंत्र्याला लिहिलेल्या अहवालात हे सगळं सरळ सांगितलं आहे, आणि शत्रूने दोन्हींपैकी काहीच करू दिलं नाही असंही लिहिलं आहे. लपवाछपवी नाही, हे मान्य. पण त्या संध्याकाळी झाडं हाताशी होती, कुऱ्हाडी होत्या, हजारावर माणसं होती. नऊ मैल चाललेली माणसं आणखी दोन तास राबली असती, तर छातीएवढा आडोसा नक्की उभा राहिला असता. तो उभा राहिला नाही.

तिकडे मायामींचा मिशिकिनिकवा म्हणजे लिटल टर्टल, शॉनींचा ब्लू जॅकेट आणि लेनापेंचा बकाँगाहेलस यांचे हजाराहून अधिक लोक छावणीपासून फार दूर नव्हते. वायंडॉट, ओटावा, ओजिब्वे, पोटावाटोमी, मिंगो, चेरोकी यांच्या तुकड्याही त्यांत होत्या. भाषा वेगळ्या, आपापसात जुनी वैरं, तरीही सगळे एका बेतावर आले होते. शत्रूचा तळ, तोफा, रांगा त्यांनी दिवसाउजेडी पाहून ठेवल्या होत्या. त्यांची टेहळणी चोख होती, आणि लढाई तिथेच अर्धी ठरली.

रात्री

घोडे चोरायला येणाऱ्यांना गाठावं म्हणून कॅप्टन जेकब स्लॉ वीसेक माणसं घेऊन पुढे गेला. छावणीपासून सुमारे मैलभर अंतरावर, वाटेच्या दोन्ही बाजूंना, ते जमिनीला चिकटून पडून राहिले. आधी सहा-सात इंडियन आले, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. थोड्या वेळाने त्याच वाटेने बरीच मोठी टोळी गेली. जाता जाता त्यांच्यातला एक जण खोकला. स्लॉला वाटलं, हा खोकला मुद्दाम आहे, आम्ही कुठे पडलोय हे हुडकायला. मग दुसऱ्या बाजूनेही तेवढीच माणसं गेली. त्याने आपल्या लोकांना निमूट मागे घेतलं.

परतताना तो मिलिशियाच्या तळावर कर्नल ओल्डहॅमला भेटला. सकाळी हल्ला होणार अशी अपेक्षा ओल्डहॅमलाही होती.

मध्यरात्र

स्लॉ जनरल बटलरच्या तंबूपाशी आला. बटलर शेकोटीजवळ उभा होता. स्लॉने पाहिलं ते सगळं सांगितलं आणि विचारलं, आपली आज्ञा असेल तर मी जाऊन सेंट क्लेअरसाहेबांना सांगतो. बटलर काही वेळ विचार करत राहिला. मग त्याने स्लॉचे आभार मानले, दमला असशील, जाऊन झोप, म्हणाला. स्लॉ जाऊन झोपला.

सेंट क्लेअर थोड्याच अंतरावर आपल्या तंबूत आजारी पडून होता. त्याला ही बातमी कुणी दिली नाही.

बटलरने असं का केलं, हे त्याच्या तोंडून कळायला तो दुसऱ्या दिवशीची दुपार पाहू शकला नाही. पण दोघांत अढी होती हे नोंदलेलं आहे. काही दिवसांपूर्वी बटलरने निवडक हजार माणसं घेऊन मी पुढे जातो म्हटलं होतं आणि सेंट क्लेअरने ते झिडकारलं होतं. तेव्हापासून बटलर फटकूनच होता. शिवाय शॉनींकडून जमिनी लिहून घेणाऱ्या करारांच्या वेळी सरकारतर्फे तो स्वतः बसला होता. हे लोक आपल्यावर एवढ्या ताकदीने चालून येतील, असं त्याच्या मनात आलंच नसावं. कारण काहीही असो, एका तंबूतून दुसऱ्या तंबूत जायला जो निरोप निघाला होता, तो त्याने शेकोटीपाशी थांबवला. त्या रात्रीचा सगळ्यात मोठा गुन्हा कोणता असं मला कुणी विचारलं, तर मी बटलरच्या या गप्प राहण्याकडे बोट दाखवीन.

उरलेल्या रात्री पहारेकरी मधूनमधून गोळ्या झाडत राहिले. पातळ बर्फ पडलं होतं.

४ नोव्हेंबर, सूर्योदयाआधी अर्धा तास

रोजच्या शिरस्त्याप्रमाणे फौज पहाटे शस्त्रं घेऊन उभी राहिली, उजाडू लागल्यावर तिला मोकळं केलं. शिपाई शेकोट्यांकडे वळले. पहाटे पुढे टेहळणी पाठवायची, असा हुकूम ओल्डहॅमला दिला होता, असं सेंट क्लेअरचं म्हणणं. ती टेहळणी निघाली नाही.

मोकळं होऊन काही मिनिटंच झाली होती, तेवढ्यात ओढ्यापलीकडून आरोळ्या उठल्या आणि लगोलग गोळीबार. मिलिशियाने एखाद-दुसरी फैर झाडली न झाडली आणि ती पाण्यातून धावत सरळ मुख्य छावणीत घुसली. पुढची रांग नीट उभी राहायच्या आधीच आपल्याच पळणाऱ्या माणसांनी तिचे धागे तोडले. त्यांच्या पाठोपाठ ओढ्याच्या काठापर्यंत हल्लेखोर आले, आणि तिथून चंद्रकोरीसारखे दोन्ही बाजूंना पसरत गेले. थोड्याच वेळात कोरीची टोकं मागे एकमेकांना भिडली. छावणीला वेढा पडला होता.

सकाळी सात ते नऊ

तोफा गरजल्या, पण उंचवट्यावरून डागलेले गोळे झाडांच्या शेंड्यांतून जात राहिले. धूर मात्र खाली बसला, आणि त्या धुरात उभी असलेली निळ्या कोटांची रांग झाडाआडून सहज टिपता येत होती. लिटल टर्टलचा जावई विल्यम वेल्स लहानपणी केंटकीतून पळवून आणलेला आणि मायामींतच वाढलेला. त्याच्या नेमबाजांचं काम ठरलेलं होतं: तोफांवरची माणसं. एक पडला की दुसरा पुढे यायचा, तो पडला की तिसरा. फर्ग्युसन मेला. तोफखान्याचे बहुतेक अधिकारी मेले. तोफा मुक्या झाल्या.

सेंट क्लेअर तंबूतून बाहेर आला तो गणवेशात नव्हता, साध्या जाड कोटात होता. त्याला घोड्यावर चढवायला जावं तर घोडा मरे. एक घोडा धरून उभा असलेला पोरगाही मारला गेला. शेवटी तो पायीच निघाला. ज्या माणसाला आदल्या आठवड्यात डोलीतून न्यावं लागत होतं, तो या रांगेकडून त्या रांगेकडे फिरत होता. त्याच्या कपड्यांतून आठ गोळ्या गेल्या, एक गोळी गालाजवळून केसांची बट घेऊन गेली. त्याच्या निर्णयांबद्दल हवं ते बोला, पण त्या सकाळी तो घाबरला असं त्याच्या शत्रूंनीही म्हटलेलं नाही.

डार्कने संगिनी रोखून धावा केला. समोरचे इंडियन ओढ्यापलीकडे पांगले. शिपायांना वाटलं, जमलं. पण हटलेले लोक दोन्ही बाजूंनी वळून मागच्या मोकळ्या जागेत शिरले आणि डार्कला आलेल्या वाटेनेच लढत परतावं लागलं. संगिनीचे हल्ले पुन्हा झाले, आणि दर खेपेला परतलेली माणसं कमी होती. डार्कच्या मांडीला गोळी लागली, त्याचा मुलगा प्राणांतिक जखमी झाला. ओल्डहॅम मेला. बटलरचे दोन भाऊही याच लढाईत होते. त्यांतल्या एडवर्डने पाय मोडलेल्या थॉमसला बाहेर काढलं. रिचर्ड बटलर जखमी अवस्थेत तिथेच राहिला आणि तिथेच मारला गेला.

छावणीच्या मधोमध, जिथे जखमींना आणून ठेवलं जात होतं, तिथेच बायका-मुलं होती. लपून बसलेल्या शिपायांना काही बायका हातात येईल त्याने हाकलून रांगेवर पाठवत होत्या. त्यांच्यातल्या फार थोड्या जिवंत परतल्या.

सकाळचे साडेनऊ

अर्ध्याहून जास्त फौज पडली होती. वाट काढणं एवढंच उरलं. एका बाजूने हल्ल्याची बतावणी करून उरलेली माणसं रस्त्यावर ढकलली, आणि एकदा फट मिळाल्यावर कुणी कुणाचं ऐकलं नाही. सेंट क्लेअरने स्वतःच लिहिलं की ही माघार नव्हती, पळ होता. तोफा ओढायला एकही घोडा जिवंत नव्हता. चालता न येणारे जखमी मागे राहिले.

पाठलाग चारेक मैल झाला आणि थांबला, कारण लुटीचा तळ मागे वाट पाहत होता. पाठलाग थांबल्यावरही शिपाई बंदुका फेकत पळत राहिले. मैलोनमैल रस्ता हत्यारांनी भरला होता. सेंट क्लेअर सामानाच्या एका घोड्यावर होता, कितीही टोचलं तरी तो चाल सोडून धावत नव्हता. सेनापती आपल्याच पळणाऱ्या फौजेच्या मागे पडला होता, आणि त्याने पुढे धाडलेले हुकूम कुणी मानत नव्हतं.

सूर्यास्त, आणि रात्रीचे दहा

सकाळपासून २९ मैल पळून माणसं दिवस मावळताना फोर्ट जेफरसनला पोहोचली. तिथे पहिली रेजिमेंट होती, शाबूत. खायला जवळजवळ काही नव्हतं. अधिकाऱ्यांची बैठक बसली, जखमींना किल्ल्यात ठेवायचं ठरलं आणि रात्री दहाला उरलेले पुन्हा चालू लागले, पिठाची खेप गाठायला. ज्या पिठासाठी हॅमट्रॅमक गेला होता, ते अजून वाटेतच होतं.

सैनिकांपैकी सहाशेहून अधिक मेले, अडीचशेच्या आसपास जखमी झाले. जिंकलेल्या बाजूचे वीस-पंचवीस मेल्याचं सांगतात.

त्यानंतर

सेंट क्लेअरचा अहवाल घेऊन त्याचा सहायक एबनेझर डेनी १९ डिसेंबरला फिलाडेल्फियात पोहोचला. मार्च १७९२ मध्ये प्रतिनिधीगृहाने चौकशी समिती नेमली. सरकारच्या कारभाराची काँग्रेसने केलेली ही पहिली चौकशी. समितीने कागद मागितले, तेव्हा राष्ट्राध्यक्षाने कोणते कागद द्यावेत आणि कोणते रोखावेत, यावर वॉशिंग्टनला मंत्र्यांची बैठक घ्यावी लागली. तो वाद अमेरिकेत आजही चालू आहे. मे महिन्यात समितीचा निष्कर्ष आला: दोष ठेकेदाराचा, सामान खात्याचा आणि मोहीम उशिरा निघण्याचा, सेंट क्लेअरचा नाही. तोवर ड्यूअरचं दिवाळं वाजून तो कर्जदारांच्या तुरुंगात पोहोचला होता.

सेंट क्लेअरने सेनापतिपद सोडलं. त्याच्या जागी आलेल्या अँथनी वेनने दीड-दोन वर्षं फौज नुसती कवायतीत घोटली, मगच ती पुढे नेली. डिसेंबर १७९३ मध्ये वाबाशच्या त्याच उंचवट्यावर त्याने हाडं गोळा करून पुरली आणि किल्ला बांधला. ऑगस्ट १७९४ मध्ये फॉलन टिंबर्सला तो जिंकला आणि पुढच्या वर्षी ग्रीनव्हिलच्या तहाने आजच्या ओहायोचा मोठा भाग मूळ मालकांच्या हातून गेला. लिटल टर्टल आणि ब्लू जॅकेट यांनी त्या पहाटे मिळवलेला विजय त्यांना चार वर्षंही पुरला नाही. त्यांच्या बाजूने कोणत्याही काँग्रेसने चौकशी समिती नेमली नाही.

गव्हर्नरपदावरून सेंट क्लेअरला १८०२ मध्ये जेफरसनने काढलं. फौजेसाठी आणि सरकारी कामांसाठी त्याने वेळोवेळी पदरचे पैसे घातले होते, ते पूर्ण परत मिळाले नाहीत. जमिनी कर्जात गेल्या. म्हातारपणी तो पेनसिल्व्हेनियातल्या डोंगरावर लाकडी घरात राहून वाटसरूंची सोय करत होता. ३१ ऑगस्ट १८१८ रोजी तो वारला.

समितीचा निकाल मला तीन-चतुर्थांश मान्य आहे. उपाशी, अनवाणी, न शिकवलेली फौज फिलाडेल्फियातल्या कचेऱ्यांनी त्याच्या गळ्यात मारली आणि पदरातल्या अधिकाऱ्याने त्याला अंधारात ठेवलं. पण ३ नोव्हेंबरला चार वाजता छावणीची जागा त्याने निवडली, मिलिशिया पाण्यापलीकडे त्याने ठेवली आणि आडोसा सकाळवर त्याने ढकलला. तेवढा दोष त्याचा आहे, आणि तो दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकता येत नाही.